दुहेरी तळाची पिशवी

"भरणार काय?"

पिशवी शिवून मागायला आलेल्या माणसाला तो पहिल्यांदा हेच विचारायचा. केवढी पाहिजे, कोणत्या रंगाची, कधीपर्यंत, हे सगळं नंतर. "किराणा" किंवा "भाजी" एवढ्या उत्तरावर त्याचं समाधान होत नसे. "भाजी म्हणजे कोणती जी? पालक-मेथी का कोहळं?" समोरचा माणूस हसायचा. तो हसायचा नाही. खाटेवर बसल्या बसल्या मान वर करून, उत्तर येईपर्यंत थांबायचा.

मग म्हणायचा, "हात खाली सोडा." माणूस हात सोडून सरळ उभा राहिला, की त्याच्या बोटांपासून जमिनीपर्यंतचं अंतर तो नुसत्या डोळ्यांनी मोजायचा. पिशवी भरल्यावर ताणते, ताणली की पायाला घासते, आणि घासली की माणूस ती दुसऱ्या हातात घेतो, हे सगळं त्याला माहीत होतं. आमच्या गल्लीतल्या एका बुटक्या मास्तरीणबाईंना त्याने इतक्या आखूड बंदांची पिशवी शिवून दिली, की त्या आधी रागावल्या. आठ दिवसांनी माझ्या किराणा दुकानात येऊन मला म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या साडीचा काठ मळला नाही हो."

तुम्ही कधी पवनीला आला असाल, तर खंदकाच्या बाजूने जाताना टिनाचं छप्पर असलेलं ते घर तुम्हाला दिसलंही असेल. दाराशी वाळत घातलेली तागाची पोती असायची आणि आतून खटक खटक आवाज यायचा. शिलाई मशीनचा आवाज सहसा सलग असतो. त्याचा तसा नव्हता. कारण त्याची मशीन हाताची होती. चाकाला दांडी बसवलेली, उजव्या हाताने फिरवायची. पायाची मशीन त्याच्या उपयोगाची नव्हती. त्याचे पाय होते, पण कमरेपासून खाली त्याला काहीही कळत नव्हतं.

तो दोन पायांवर उभा होता तेव्हापासून मी त्याला ओळखत होतो.

माझं किराण्याचं दुकान वडिलांपासूनचं. तांदूळ यायचा तो गावाबाहेरच्या एका राईस मिलमधून, आणि तो तिथला हमाल होता. मिलच्या गाडीबरोबर यायचा. पोतं पाठीवर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढायचा आणि मध्येच थांबून गप्पा मारायला लागायचा. पोतं पाठीवर तसंच. "भाऊ, तुमच्या आईचा गुडघा कसा हाय?" मी म्हणायचो, "अरे, आधी खाली ठेव ना पोतं." तो वाकलेल्या मानेने वर पाहून म्हणायचा, "ठेवलं तर पुन्हा उचला लागते. राहू द्या, बोला तुम्ही." त्याला खरंच त्याचं काही वाटत नसे. आईच्या गुडघ्याची सगळी हकिगत ऐकूनच पोतं आत जायचं.

दोन्ही खांदे असे, की सदऱ्याला मानेजवळ कायम भोक पडलेलं. नवा सदरा घेतला की त्याची बायको शेवंता तिथे आतून आधीच ठिगळ लावून ठेवायची.

मग एका पौषात मिलच्या गोदामात थप्पी घसरली. खालचं पोतं आधी काढ, असं कोणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते पुढे कोणालाच आठवेना. पाच पोती त्याच्या पाठीवर आली. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला नेलं. तीन महिन्यांनी परत आणलं तेव्हा रुग्णवाहिकेतून त्याला उतरवून घ्यायला मिलमधलेच चौघे हमाल आले होते. त्यांना रडू येत होतं आणि तो त्यांना सांगत होता, "डोक्याकडून आधी, डोक्याकडून. दार लहान हाय." मिलचे मालक दोनदा पाहायला आले. मग आले नाहीत.

त्यानंतर वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. हे मी अंदाजाने सांगत नाही. मी महिन्या-दीड महिन्याने जायचो, आणि दर वेळी मला त्याची पाठच दिसायची. शेवंता सांगायची, "अवो, पाहा ना, दुकानदार भाऊ आले." तो म्हणायचा, "बसा भाऊ." पण वळायचा नाही. मी त्या पाठीशी थोडा वेळ बोलायचो आणि निघून यायचो. शेवंता दिवसभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये कामाला जायची. ती येईपर्यंत घरात तो आणि ती भिंत.

तो वळला, तो एका पिशवीमुळे.

मी त्याच्यासाठी संत्री घेऊन गेलो होतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आलेली, म्हणून कापडासारख्या दिसणाऱ्या त्या पातळ पिशव्या आम्ही सगळे दुकानदार ठेवायला लागलो होतो. पिशवी खाटेवर ठेवायला गेलो तर तिचा एक बंद सुटला आणि संत्री त्याच्या अंगावरून, खाटेवरून, जमिनीवर गडगडत गेली. त्याने मान वळवली. संत्र्यांकडे पाहिलंच नाही. पिशवी हातात घेऊन तुटलेल्या बंदाची जागा बोटाने चाचपली.

"हे काय शिवलं हाय का चिकटवलं?"

"चिकटवतात म्हणे. मशीनने."

"दोन किलोले सुटलं, भाऊ!" तो इतक्या तळमळीने म्हणाला, की मला हसू आलं. वर्षभरात त्याने कशाहीबद्दल काढलेला हा पहिला तळमळीचा शब्द होता. "वजन येते कुठी? बंदाच्या मुळाशी. आन् इथंच काही नाही. शेवंता, सुई आण."

त्याने त्या पिशवीचे दोन्ही बंद सुईदोऱ्याने शिवले. मुळाशी चौकोन, आणि चौकोनात फुली. कोणी शिकवलं नव्हतं. मिलमध्ये फाटकी पोती दाभणाने शिवलेली, तेवढंच काय ते शिक्षण. ती पिशवी मी दुकानात टांगून ठेवली होती. एका गिऱ्हाइकाने मागितली, तेव्हा दिली नाही.

माझ्या आईची हाताची मशीन माळ्यावर धूळ खात पडली होती. आई गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. ती मी पुसून, तेल घालून त्याच्याकडे नेली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात ही मशीन आहे, म्हणून सांगतो.

दोन महिन्यांत तो तयार झाला. सुया किती मोडल्या त्याला गणती नाही. तागाचं पोतं बाहेरून, आत जाड मांजरपाट, आणि बंदांना नवार, ती खाटा विणायची. चार-चार पदरांतून सुई जायला जोर लागतो. तो त्याच्या खांद्यात होता. उजव्या हाताने दांडी फिरवायची, डाव्या हाताने कापड धरायचं, आणि दोन हात पुरले नाहीत तर हनुवटीने दाबायचं. बंदाचा हातात येणारा भाग तो गुंडाळून जाड करायचा. म्हणायचा, "पाठीवर वजन असलं तर पाठ सहन करते. बोटं लय नाजूक असतेत, भाऊ."

तयार झालेली पिशवी तो तपासल्याशिवाय देत नसे. आढ्याच्या लाकडाला एक आकडा लावून घेतला होता. शेवंता पिशवीत वीस किलो धान भरायची आणि आकड्याला टांगायची. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तशीच. गिऱ्हाईक घाईत असलं तरी तशीच.

त्याचे किस्से गावभर झाले. एक तरुण गडी एकदा पिशवी मागायला आला. "भरणार काय?" या प्रश्नावर तो नुसताच इकडेतिकडे पाहू लागला. शेवंता चुलीपाशी होती. शेवटी खाटेजवळ वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलला. हा गंभीरपणे म्हणाला, "किती? चार?" आणि आठ दिवसांनी त्याला आतून चार कप्पे केलेली पिशवी दिली. "आता घे. घरी जाताना आवाज नाही येणार." तो गडी नंतर किती दिवस आमच्या दुकानासमोरून ती पिशवी घेऊन, अगदी सभ्य चेहऱ्याने जाताना दिसायचा.

निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराचा माणूस आला. पाचशे पिशव्या, वर साहेबांचा फोटो. तो म्हणाला, "एवढ्या मजबूत नकोत. मतदानापर्यंत टिकल्या म्हणजे झालं." याने त्याला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "तशी मले येत नाही जी."

"अरे, सोपी करायची आहे, त्यात काय येत नाही?"

"थेच तर येत नाही."

तो माणूस गेला. शेवंता भडकली होती. पाचशे पिशव्यांत घराचं छप्पर झालं असतं, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तो चाकाची दांडी फिरवत राहिला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या कमरेखाली जाणीव नाही, अशा माणसाला बसून काम करण्यात एक धोका असतो. तुम्ही-आम्ही एका जागी फार वेळ बसलो की दुखतं, आपण कूस बदलतो. त्याला दुखत नव्हतं. एकाच जागी दाब पडून कातडी मरते, मग जखम होते, आणि जखम आत जाते. आमच्या वॉर्डात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी त्याला हे नीट समजावलं होतं. दर तासाला हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, दुपारी दोन तास पालथं पडायचं, रोज आरशात मागची बाजू पाहायची. बसायला त्यांनी ऑटोच्या चाकाची जुनी ट्यूब आणून दिली होती. तिच्यात हवा भरून तो मधोमध बसायचा. मी चेष्टेने म्हणायचो, "काय राजे, सिंहासन कसं आहे?" तो म्हणायचा, "पंचर नाही झालं अजून."

आरसा शेवंता धरायची. रोज कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. चार वर्षं तिने एक दिवस चुकवला नव्हता, आणि चार वर्षांत त्याला साधा ओरखडासुद्धा झाला नव्हता.

माझ्या मुलीचं, वैशालीचं, लग्न वैशाखातलं ठरलं. पाहुण्यांना स्टीलच्या वाट्या वाटायच्या नाहीत, असं तिनेच ठरवलं. "बाबा, वाट्या सगळ्यांच्या घरी पडून असतात. काकांच्या पिशव्या देऊ." मला ते फार आवडलं. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. दोनशे पिशव्या, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत. हातात दीड महिना होता.

"भरणार काय?" त्याने वैशालीला विचारलं.

"मला काय माहीत, काका? ज्याला जे भरायचं ते भरेल."

तो बराच वेळ नवारीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काही पण भरतीन."

"हो."

"मंग तळ दुहेरी करा लागते," तो म्हणाला. "सगळ्याईचा."

मी म्हणालो, "एवढं काही नको रे. लोक काय धान भरणार आहेत?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "पोरीच्या लग्नाची पिशवी हाय, भाऊ. रस्त्यात फाटली तर लोकं तुमचं नाव घेतीन."

दुहेरी तळ म्हणजे जवळपास दुप्पट काम. हे मला कळत होतं. तेव्हाच मी शंभरावर थांब म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. टिनाखाली दुपारी बसवत नव्हतं. त्यात बिड्यांसाठी तेंदूची पानं तोडायचं काम सुरू झालं आणि शेवंता इतर बायांबरोबर पहाटेच रानात जायला लागली. वर्षातून एवढेच काही दिवस ते काम असतं, ते सोडून चालत नाही. दुपारी परत यायचं, मग पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते नेऊन द्यायचे. तिचे डोळे मिटत असायचे. ती विचारायची, "आरसा पाहिला का?" तो म्हणायचा, "पाहिला मी. साफ हाय." आरसा हातात धरून, मान वळवून त्याला स्वतःला पाहता येत होतं. तिने विश्वास ठेवला. चार वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता.

मी रोज जायचो. झालेल्या पिशव्या उचलून घरी आणायच्या असायच्या. एक दिवस पाहिलं, तर ट्यूब भिंतीच्या खिळ्याला टांगलेली. तो पोत्यांच्या घड्यांवर बसला होता.

"का रे, सिंहासन सोडलं?"

"ट्यूबवर हालते ना, भाऊ. दुहेरी तळ म्हणजे जाड काम, शिलाई वाकडी जाऊन राहिली. लग्न झालं की बसतो पुन्हा."

पिशवी उलटी करून त्याने मला तळ दाखवला. शिलाई दोरीसारखी सरळ होती. मी म्हणालो, "वा!" हो, मी वा म्हणालो. मला ते चांगलं लक्षात आहे.

आणखी काही दिवसांनी खोलीत उदबत्तीचा वास यायला लागला. एक विझली की तो दुसरी लावायचा. तो कधी देवधर्म करणारा नव्हता. मला वाटलं, माणूस बदलतो. मी त्याला त्याबद्दल विचारलं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. मी माझ्यापुरतं सांगतो. माझ्या डोक्यात मांडव, आचारी आणि वऱ्हाडाची गाडी होती. तो थोडा उतरलेला दिसत होता, डोळे तांबडे दिसत होते. ऊनच तसं होतं. आम्ही सगळेच उतरलो होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी शेवंता शेवटच्या वीस पिशव्या डोक्यावर घेऊन मांडवात आली. त्याच्यासाठी मी ऑटो सांगून ठेवला होता. ती म्हणाली, "नाही येत म्हणते. अंग गरम लागून राहिलं त्यायचं. तू जा म्हणे, पिशव्या वेळेवर पोचव." ती जेवायला थांबली नाही. मी आग्रह केला नाही. नवरदेव पारावर येऊन पोचला होता.

पिशव्यांचं फार कौतुक झालं. नागपूरच्या पाहुण्यांनी तर तिथल्या तिथे नारळ, बुंदीचे डबे, मुलांच्या चपला, सगळं त्यांत भरलं. एकीचाही बंद सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बुंदी घेऊन त्याच्याकडे गेलो. दारातच वास आला. त्या दिवशी उदबत्ती लावायची शुद्ध त्याला नव्हती. शेवंता खाटेजवळ खाली बसली होती, हातात आरसा. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "भाऊ, हाड दिसून राहिलं."

खाटेच्या मागे, भिंतीच्या बाजूला, मांजरपाटाच्या चिंध्यांचं एक गाठोडं निघालं. लग्नाच्या पिशव्यांच्या कापडातल्याच उरलेल्या चिंध्या. घड्या करून त्याने त्या जखमेवर बांधल्या होत्या, काढल्या होत्या, पुन्हा बांधल्या होत्या. आशाताई आल्या, पाहिलं, आणि लगेच फोन करायला बाहेर गेल्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हणालो, "माहीत नाही." ते म्हणाले, "तीन आठवड्यांच्या वर आहे हे. घरी कोणी येत-जात नव्हतं का?"

मी येत-जात होतो.

दवाखान्यात तो सतरा दिवस होता. पहिले काही दिवस तो शुद्धीवर असायचा, पालथा, तोंड एका बाजूला. मी खाली जमिनीवर बसायचो, म्हणजे त्याचा चेहरा दिसायचा. तो समोरच्या रुग्णांच्या खाटांखाली ठेवलेल्या पिशव्या पाहत असायचा. "त्या बाईच्या पिशवीत एक्स-रे वाकडा झाला पाहा. उभा कप्पा पायजे होता," असं काहीतरी म्हणायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्याला विचारलं.

"तुला कळलं कधी?"

"कधीच कळलं. आरसा होता ना माझ्यापाशी."

"मग सांगितलं काहून नाही रे?"

 "सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? पालथं पाडलं असतं. महिना, दोन महिने. आशाताईनं मशीन उचलून नेली असती." त्याने श्वास घेतला. "मी एक वर्ष पडलो होतो, भाऊ. भिंतीकडे पाहून. तुम्ही यायचे, माह्या पाठीशी बोलायचे, मले आठवते. एका वर्षात त्या भिंतीले किती भेगा हायत थे पाठ झालं होतं. पुन्हा तसं नाही पडायचं, असं मी ठरवलं होतं. मंग काही पण होवो."

"पण जीव जाईल असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण लग्नानंतर जाईन असं वाटलं."

तो हे रागाने बोलला नाही, उपकार दाखवूनही बोलला नाही. काम पुरं झालं की नाही, एवढाच त्याच्यापुरता प्रश्न होता. आणि ते पुरं झालं होतं. माझ्या तोंडून "मला माफ कर" असं काहीतरी निघालं. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "शेवंताले घरी पाठवा. तिले झोप पायजे." ताप पुन्हा चढत होता. त्यानंतर तो सलग असं माझ्याशी बोलला नाही. विष रक्तात गेलं होतं.

वैनगंगेच्या काठावर त्याला नेलं तेव्हा मिलमधले तेच चौघे आले होते. उन्हाने नदीत पाणी थोडंच होतं. लांबपर्यंत वाळू तापलेली, पाय ठेववत नव्हते. 

तेरावं झाल्यावर मी शेवंताकडे गेलो. तिने मशीन दाराशी आणून ठेवली होती, फडक्यात बांधून.

"ही घेऊन जा, भाऊ. मले घरात नको."

मी म्हणालो, "असू दे. तुला शिवता येईल. मी काम देईन."

ती एकदम माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. "मी पहाटेपासून रानात होती, भाऊ. आली की माह्या डोळ्यापुढं अंधारी यायची. माह्यी चूक झाली, मी त्यायच्या बोलण्यावर राहिली. पण तुम्ही तर रोज येत होते. दिवसा, उजेडात. रोज त्या खाटेपाशी उभे राहून पिशव्या उचलून नेल्या तुम्ही. तुम्हाले वास नाही आला?"

आला होता. उदबत्तीखाली दुसरं काहीतरी होतं, हे एकदा-दोनदा माझ्या नाकाला कळलं होतं. तेवढ्यापुरतं तोंड दाराकडे वळवून मी पिशव्या उचलत राहिलो होतो. तो विचार मी पुरा होऊ दिला नव्हता, कारण तो पुरा झाला असता तर दोनशे पिशव्या झाल्या नसत्या. हे तिला सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "नाही गं. उदबत्ती असायची ना."

तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती आत गेली. मी मशीन उचलून घरी आणली. पुढे महिनाभरात ती त्याच राईस मिलमध्ये झाडलोटीच्या कामाला लागली. गावातून जाताना भेटते. पदर डोक्यावर घेऊन बाजूने निघून जाते. माझ्या दुकानातून आता ती काही नेत नाही.

वैशालीला आम्ही लगेच काही कळवलं नाही. नव्या नवरीला पहिल्याच महिन्यात असलं काय सांगायचं, असं तिची आई म्हणाली, आणि ते मला सोयीचं होतं. पुढे फोनवर, काका गेले, एवढं सांगितलं. ती रडली.

गेल्या दिवाळीला ती नागपूरहून आली. हातात फराळाने गच्च भरलेली तीच पिशवी. बसमधून उतरून घरापर्यंत एकटीने उचलून आणली होती. ओट्यावर ठेवली, हात झटकले आणि म्हणाली, "बाबा, दीड वर्ष झालं, एक टाका उसवला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या बाया विचारतात, कुठून आणली म्हणून." मग थोड्या वेळाने, पिशवीच्या बंदावरून बोट फिरवत, तिने विचारलं, "काकांना नेमकं काय झालं होतं हो?"

तिची आई आत होती. ओट्यावर आम्ही दोघंच समोरासमोर होतो.

"ताप आला होता," मी म्हणालो, आणि पिशवीतले डबे एकेक करून बाहेर काढायला लागलो.